भोपळीचा बाप्तिस्मा

माझे बाबा आणि माझ्या सासूबाई यांचं भांडण बायबलच्या एकाच पानावर होतं. एकाखाली एक अशा दोन ओळी. वरची बाबांची: आधी पश्चात्ताप, मग बाप्तिस्मा. खालची सासूबाईंची: वचन तुम्हाला आहे तसंच तुमच्या लेकराबाळांनाही आहे. अकरा महिने दोघं आपापल्या ओळीवर बोट ठेवून बसले होते. तेवढ्यात माझ्या मुलीला चार दात आले, ती रांगायला लागली आणि फुगून फुगून तिचं नाव भोपळी पडलं.

बाबा प्लंबर. त्यांच्या मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, बाप्तिस्मा फक्त कळत्या माणसाला देतात, तोही पुरता बुडवून. तिथल्या टाकीची नळजोडणी त्यांनीच केली आहे. सोळाव्या वर्षी मीही त्याच टाकीतून नाकातोंडात पाणी जाऊन बाहेर आले. सासरच्या चर्चमध्ये मात्र तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी घालतात. लग्नात सगळे म्हणाले, पुढचं पुढे बघू. पुढचं पुढे आलं ते पावणेदोन किलोचं, आणि दहाव्या दिवशी त्याच्या रक्तात जंतू सापडले.

नुसता हट्ट असता तर मी दोघांनाही उडवून लावलं असतं. सासूबाईंचं पहिलं मूल चौथ्या दिवशी बाप्तिस्म्याविनाच गेलं, तेव्हा त्यांच्या चर्चचे पाळक गावाला गेले होते. एवढंच त्या सांगतात आणि शिवणयंत्र जोरात चालवतात. भोपळीचं पांढरं झबलं त्यांनी दोनदा उसवून मोठं केलं होतं. आणि बाबा म्हणायचे, "मलाही पाळण्यात असतानाच पाणी लावलं होतं. तिशीपर्यंत मी पीत होतो, आणि कुणी टोकलं की म्हणायचो, माझं काय ते झालेलं आहे. हिला तसलं आयतं काही देऊ नका. तिचं तिला ठरवू दे."

शेवटी माझ्या नवऱ्याने रविवार ठरवला. कुणीतरी ठरवायला हवंच होतं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. "मी भांडायला येणार नाही," ते म्हणाले. "मी येणारच नाही. रविवारीही नाही आणि नंतरही नाही."

आई गेल्यापासून बाबा रोज सकाळी कामावर जाण्याआधी आमच्याकडे येतात आणि भोपळीला मांडीवर घेऊन चहा पितात. तिचा श्वास मोजायची माझी सवय अजून गेलेली नाही. फक्त तेवढा अर्धा तास मी मोजत नाही. बाबा बोलले की बोलले. रविवारनंतर ती मांडी नसणार, हे मला ठाऊक होतं.

गुरुवारी संध्याकाळी सासरच्या चर्चचे पाळक घरी आले, आईबापांशी बोलायला. नेमकं त्याच दिवशी सिंकखालचं पाणी स्वयंपाकघरभर झालं होतं, आणि वडील प्लंबर असताना दुसरा प्लंबर कसा बोलावणार? त्यामुळे बैठकीत पाळक, सासूबाई, नवरा, मी. आणि आतल्या दारातून दिसणारे बाबांचे दोन पाय.

"व्याही, चहा घेता?" सासूबाईंनी विचारलं.

"पाणी बंद आहे, विहीणबाई," सिंकखालून आवाज आला.

"तुमच्या हाताने बंद झालंय म्हटल्यावर रविवारपर्यंत काही येत नाही!"

पाळक हसले आणि त्यांनी फॉर्म काढला. बाळाचं नाव, जन्मतारीख, आईबापांचं चर्च. मग सहज, पेनाची टोपी नीट बसवत त्यांनी विचारलं, "याआधी बाळाचा कुठे बाप्तिस्मा झालेला नाही ना?"

"नाही," नवरा म्हणाला.

पाळकांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"झालाय," मी म्हणाले. "म्हणजे... मी केला."

आतला पान्याचा आवाज थांबला.

मग सांगावंच लागलं. त्या दहाव्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी नवऱ्याला बाहेर बोलावलं होतं. नर्स दुसऱ्या बाळापाशी होती. काचेच्या पेटीत भोपळीचं पोट भराभर खालीवर होत होतं आणि मग मध्येच थांबत होतं. पेटीशेजारी वाटीत उकळून गार केलेलं पाणी आणि कापूस होता, तिचे डोळे पुसायला. मी कापसाचा बोळा भिजवला आणि तिच्या कपाळावर पिळला. तीनदा. पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावाने. टाकीत बुडून आलेली, कॉलेज शिकलेली मी. असल्या बाप्तिस्म्यावर माझा विश्वासच नव्हता. पण हातात दुसरं काही नव्हतं. नंतर ती वाचली आणि मला लाज वाटली. बाबांना सांगितलं असतं तर त्यांचा माझ्यावरचा विश्वास मोडला असता, आणि सासूबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी ते बाबांना ऐकवलं असतं.

"पाणी कपाळावरून वाहिलं का?" पाळकांनी विचारलं.

"कानात गेलं. ती रडली."

"आणि शब्द हेच होते?"

"हेच."

त्यांनी फॉर्मची घडी घातली. "मग झाला. जीव धोक्यात असेल तर आमच्याकडे कुणीही देऊ शकतं. आणि एकदा झालेला पुन्हा देता येत नाही. रविवारी नोंद करू, आभाराची प्रार्थना करू. पाणी नाही."

सासूबाईंनी दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं. "अगं भवाने," त्या रडत रडत म्हणाल्या, "अकरा महिने मी तिची शिंक ऐकली की उठून बसत होते. मला एका शब्दाने सांगितलं असतंस तर!"

माझं लक्ष दाराकडे होतं. बाबा उठून उभे राहिले होते, कोपरापर्यंत ओले, हातात पाना.

"किती दिवसांची होती?" त्यांनी विचारलं.

"दहा."

"तिला काही कळत होतं?"

"नाही, बाबा."

"मग बाप्तिस्मा झालाच नाही." त्यांनी पाना टॉवेलने पुसला. "आईने आजारी लेकराचं कपाळ ओलं केलं. त्यात कुणाला काय म्हणायचंय?"

"झाला!" सासूबाई उसळल्या. "पाळक स्वतः म्हणाले."

"तुमच्या हिशेबाने झाला. माझ्या हिशेबाने ती कोरडी ठणठणीत आहे."

"म्हणजे रविवारी तुम्ही..."

"नुसती प्रार्थना आहे ना? प्रार्थनेला कोण नाही म्हणतंय! आमच्याकडेही बाळांसाठी करतात. येतो की."

माझा नवरा मटकन खुर्चीत बसला आणि हसायला लागला. "म्हणजे झालाय म्हणून करायचा नाही, आणि झाला नाही म्हणूनही करायचा नाही?"

"आणि ही सोळा वर्षांची झाली," बाबा पाळकांकडे वळले, "आणि टाकीत उतरते म्हणाली तर?"

"तर मी नको म्हणेन," पाळक म्हणाले. "तुम्ही हो म्हणाल. आणि ती आपल्या दोघांचं ऐकेल असं तुम्हाला वाटतं का?"

"हिच्या आईवर गेली तर नाहीच ऐकायची," बाबा म्हणाले.

सासूबाई आणि बाबा अजून "झाला", "नाही झाला" करत होते. दोघांचा आवाज चढला, भोपळी टाळ्या वाजवायला लागली, आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदा ते भांडण ऐकताना मलाही हसू आलं. दोघांत बरोबर कोण, मला माहीत नाही. त्या दुपारी मी विश्वासाने पाणी घातलं की भीतीने, तेही माहीत नाही. देवाला माहीत असेल. त्याने अजून तरी मला विचारलेलं नाही.

बाबा निघाले तेव्हा मी जिन्यापर्यंत गेले. त्यांनी हत्यारांची पिशवी खाली ठेवली.

"त्या दुपारी मी दवाखान्यात खालीच बसलो होतो की गं. हाक मारायची."

"तुम्ही ओरडला असता."

"ओरडलो असतो," ते म्हणाले. "पण आलो असतो." मग दुसरीकडे बघत, "वाटी धरायला तरी."

त्यांनी पिशवी उचलली.

"सिंकखाली सकाळी हात लावून बघ, ओलं लागतं का. नाहीतर राहू दे. मी चहाला येईन तेव्हा बघतो."