धाकट्याचा हात

तारमास्तरांचे कान गेले, पण ऐट गेली नाही. तारखात्यातून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी रोज सकाळी नऊच्या ठोक्याला ते बिनतारी संदेशाच्या रेडिओपुढे बसत. चार तासांच्या अंतरावर, टेकडीवरच्या घरात धाकटा भाऊ एकटा राहायचा. तो मोर्सच्या ठिपके-रेघांत खुशाली कळवी, मास्तर उत्तर देत. फोन त्याने कधी घेतलाच नाही. एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं, असे दोघे हट्टी!

कान गेल्याचं मास्तरांनी भावाला सांगितलं नव्हतं. जावयाने कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम घालून दिला होता. तो रेडिओ ऐकायचा आणि पडद्यावर अक्षरं उमटवायचा. मधली अक्षरं गळू लागली तेव्हा वैतागून मास्तरांनी 'चुका सुधारा, गाळलेलं भरा' या चौकटीत खूण केली. मग प्रोग्रॅम जुन्या संदेशांवरून अंदाज बांधून वाक्य पुरं करू लागला. नोकरीत असताना अंदाजाने तार पुरी करणाऱ्या कारकुनाला याच माणसाने घरी बसवलं असतं.

सोमवारी बायको स्वयंपाकघरातून आली आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "अहो, भाऊजींचा हात आज अडखळतोय."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"अर्थ नाही कळत. पण चाळीस वर्षं ऐकतेय. त्यांचा हात कसा धावतो ते ठाऊक नाही का मला?"

मास्तरांनी पडद्याकडे बोट केलं. 'तब्येत ठणठणीत. उद्या नऊला.'

"वाच. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

मंगळवारी ती पुन्हा तेच म्हणाली. बुधवारी मास्तर तिच्यावर खेकसले, तेव्हा ती आत गेली.

गुरुवारी नऊला ओळ उमटली: 'तब्येत ठणठणीत. उद्या नऊला.' मास्तर खुशीत उत्तर देऊ लागले. बायको ओल्या हातांनीच धावत आली आणि त्यांचं मनगट धरून कानाशी ओरडली,

"कुणाला उत्तर देताय? आज काही वाजलंच नाहीये. मघापासून नुसती खरखर आहे!"

मास्तरांनी स्पीकरवर तळवा ठेवला. एकसारखी, सपाट थरथर. ना ठिपका, ना रेघ.

त्यांनी चौकटीतली खूण काढली. आजची ओळ पुसली गेली. साठवलेले आधीचे संदेशही आता जसे आले होते तसे दिसू लागले. बायको खांद्यावरून वाचत होती.

सोमवार: 'उजवा हात... त नाही. ये.'

मंगळवार: '...डलो. उठव... ये.'

बुधवार: 'ये.'

आणि प्रत्येकाखाली मास्तरांचं स्वतःचं उत्तर होतं, एकही अक्षर न गळलेलं: 'छान! असाच ठणठणीत राहा.'