हा त्यांचा मुलगा

लाल कातड्याचा जोडा, टाचांशी झिजलेला, वर्गाच्या उंबऱ्याबाहेर नीट काढून ठेवलेला... दिवाकरला आधी तो दिसला आणि मग जोड्याचे धनी, बाळकृष्णपंत, जहागीरदार बाबूसाहेबांचे कारभारी. हा माणूस आपल्या वर्गाबाहेर जोडा काढतो? ज्याने लहानपणी आपल्याला दंडाला धरून...

"माफ करा, दिवाकरजी," पंत उंबऱ्यावरूनच म्हणाले, "बाबूसाहेब गेले. सुबह सुबह. बाईसाहेबांनी बोलावलंय... अग्नी द्यायला."

पोरं माना वळवून पंतांकडे बघायला लागली.

"तास संपेपर्यंत थांबा," दिवाकर म्हणाला आणि फळ्याकडे वळला.

फळ्यावर त्याच्याच अक्षरात होतं : राज्य – निसर्गाने की रूढीने? आपला आवाज किती शांत आहे याची त्याला गंमत वाटली. "मूल जन्माला येतं, तो निसर्ग," तो सांगत होता, "ते कुणाचं, हे मात्र रूढी ठरवते. राजा, प्रजा, जहागीर – सगळं त्याच जातीचं..." आणि आत कुणीतरी दुसराच बोलत होता – थांबू दे. ऊन चढू दे. तिरडी अंगणात बांधून पडू दे, भटजींना घाम फुटू दे, आणि त्या बाईला दाराकडे डोळे लावून बसू दे. आम्ही जन्मभर थांबलो, मी आणि माझी आई.

"सर, मग दोन्हींत खरं कोणतं?" कुमुदिनीने विचारलं. ती नेहमी असंच नेमकं विचारायची.

"पुढच्या तासाला," तो म्हणाला.

टांगा सराफ्यातून निघाला. दुकानं उघडत होती, कुणीतरी पितळी तराजू पुसत होतं, आणि दिवाकरला ते दत्तविधानाचं जेवण आठवत होतं – नवा सदरा, आईने तेल लावून चापून बसवलेले केस, समोरच्या दाराने तो थेट दिवाणखान्यात शिरलेला. पाटावर रघुवीर, देवासहून आणलेला भावकीतला मुलगा, गळ्यात हार. बाबूसाहेबांनी दिवाकरकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आणि आनंदीबाई, त्यांची लग्नाची बायको, ताटावरून नजरही न उचलता म्हणाली होती, "जनाचा मुलगा ना? त्याला मागच्या दाराने न्या." पंतांनी दंड धरला. जनाबाईला बाबूसाहेबांनी मागच्या आळीत घर करून दिलं होतं. तिचा मुलगा मागच्या दाराचाच. पण नाक? तेच बाकदार नाक, तीच डावी भुवई जरा वर चढलेली. रोज दाढी करताना आरशात बाबूसाहेबच समोर उभे राहायचे.

"रघुवीर कुठाय?"

पंतांनी तोंड फिरवलं. "देवासला. तार आली, येता येत नाही म्हणून. जहागीर खालसा झाल्यापासून आपल्या जन्मदात्याकडेच असतात ते."

म्हणजे जहागीर गेली आणि तिच्याबरोबर मुलगाही गेला. दिवाकरला मोठ्याने हसावंसं वाटलं. "ऐका, पंत. बाईसाहेबांनी सगळ्यांदेखत म्हणायचं, हा त्यांचा मुलगा. आणि माझी आई समोरच्या दाराने आत येईल. नाहीतर मी हा असाच परत फिरेन."

"अहो भिया, आज तरी..."

"आजच."

पण अंगणात पाऊल टाकलं आणि त्याला ओसरीवर आईच दिसली. आनंदीबाईंच्या शेजारी बसून ती त्यांना बशीने चहा पाजत होती. आनंदीबाई किती लहान दिसत होत्या, सुकलेल्या...

"तू इथे कशी?"

"पहाटेच आले. मागून," जनाबाई म्हणाली. "तेच जवळ पडतं." डोळे सुजलेले होते तिचे. कपाळ तिने आधीच पुसलं होतं. तिला कुणी सांगितलं होतं, की कुणाला विचारायची गरजच वाटली नव्हती?

पंत आनंदीबाईंच्या कानाशी वाकले. त्या भिंतीला हात लावून उठल्या. "ऐका सगळे," त्या म्हणाल्या, आवाज न चढवता, न पाडता, "हा दिवाकर. ह्यांचा मुलगा. अग्नी हाच देईल."

कुणी दचकलं नाही. भाऊबंदांतल्या एकाने नुसती मान हलवली आणि तिरडीच्या दोरीची गाठ आवळली.

एवढंच? ज्या वाक्यासाठी तो जन्मभर दात-ओठ खात जगला, ते असं, भाजीत मीठ घातल्यासारखं? त्याच्या तोंडून गेलंच, "त्या दिवशी का नाही म्हणालात?"

आनंदीबाईंनी त्याच्याकडे पहिल्यांदाच सरळ पाहिलं. "त्या दिवशी म्हटलं असतं तर मी कोण उरले असते?"

जनाबाईने त्यांना हात धरून खाली बसवलं. हलकेच. दिवाकरला तो हात सहन होईना. आई, तू तरी... तिच्यावरचा राग माझ्या वाट्याला देऊन तू स्वतः कधीच मोकळी झालीस की काय? आणि मी – मला तर आरसा रोज सांगत होता. मग मला या बाईचं तोंड कशाला हवं होतं? वर्गात ज्या रूढीची मी साल काढतो, तिच्याच दाराशी हात पसरून उभा होतो मी... सूड म्हणून!

त्याच्या हातात विस्तवाचं मडकं आलं. दोरी काचत होती, धग पोटरीला लागत होती. कृष्णपुऱ्याच्या वळणावर पंत शेजारी आले आणि हळूच म्हणाले, "मागे वळून बघायचं नसतं, दिवाकरजी."

त्याला बघायचं होतं. त्या दोघी अजून तशाच हातात हात धरून बसल्या आहेत का, एवढंच. मान वळू पाहत होती, आणि वळत नव्हती. ती कुणी धरून ठेवली होती ते मात्र त्याला कळेना.