कॅप्टन लुनाची दुसरी आई

पाहुण्याने तंबूंपासून लांब घोडा थांबवायचा आणि कोणी विचारपूस करायला येईपर्यंत खाली उतरायचं नाही, हे पम्पाच्या माळावर शेंबड्या पोरालाही कळतं. कॅप्टन एवारिस्तो लुना मात्र दौडत थेट किन्तुवालच्या चुलीपर्यंत आला. भाजत ठेवलेल्या घोडीच्या मांसावर सगळा धुरळा बसला.

"आले सरदार," किन्तुवाल म्हणाली. "आईने काही शिकवलेलं दिसत नाही."

एवढ्यावरच ती थांबली, कारण तिचं काम या माणसाकडे अडलं होतं. एरवी तिची जीभ तिच्या भावालाही आवरत नसे, आणि भाऊ वेंचुपान तर आमच्या टोळीचा नायक. तिचा एकुलता एक मुलगा नेकुल पानगळीत मीठ विकायला किल्ल्यावर गेला आणि परतला नाही. चोर म्हणून धरलाय, एवढंच कानावर आलं होतं. तो किल्ला या लुनाच्याच ताब्यात होता.

लुना आला होता तह करायला. नदीपर्यंतची जमीन सरकारची, बदल्यात आम्हाला साखर आणि तंबाखू. आमचे वडीलधारे रीतीप्रमाणे एकेक करून बोलले आणि लुना रीतीप्रमाणे जांभया देत राहिला. मधूनमधून तो आपले बूट न्याहाळायचा. बूट मात्र खरंच छान होते.

"नेकुलचं विचार ना," किन्तुवालने भावाला डिवचलं.

"नायकाने हात पसरला की तो नायक राहत नाही, ताई."

"राहा मग नायक!" म्हणत ती स्वतःच पुढे झाली आणि दुभाष्याला म्हणाली, "त्रान्सितो, विचार त्याला, माझ्या नेकुलशी नाव वाटून घेतो का?"

नाव वाटायचं म्हणजे मेंढराचं काळीज दोघांनी अर्धं अर्धं खायचं. मग याचं नाव त्याचं, त्याचं नाव याचं, आणि एकाची आई ती दुसऱ्याची आई. असे दोघे एकमेकांवर हात उगारत नाहीत. नेकुल जवळ नव्हता म्हणून त्याचा पांघरायचा पोंचो अंथरला, त्याचा वाटा किन्तुवालने खाल्ला. काळीज चावताना लुनाचं तोंड वाकडं झालं, पण सगळी टोळी उभी राहून त्याचं नाव पुकारू लागली तसा तो कोंबड्यासारखा फुगला.

"सांग म्हातारीला, किल्ल्यावर पोचलो की पोरगा तिच्या हवाली."

तिने विश्वास ठेवला. आमची ही खोडच आहे. काळीज खाल्लेला माणूस खोटं बोलेल हे आमच्या टाळक्यात शिरतच नाही.

ती त्याच्याबरोबरच निघाली. वाटेत भुसभुशीत वाळू लागली. वळसा घाल, असं तिने सांगितलं. पण लुनाकडे होकायंत्र होतं, आणि होकायंत्रवाल्याला बाईने काय सांगायचं? घोडा पोटापर्यंत रुतला आणि साहेब डुकरासारखे किंचाळू लागले. शिपाई तोंडं वासून बघत उभे राहिले. किन्तुवालने फास टाकला, आपल्या घोडीला बांधला आणि त्याला वर ओढला. बूट खालीच राहिले.

"जपून रे बाळा," पोंचोच्या टोकाने त्याचं तोंड पुसत ती म्हणाली. "एक हरवलाय. दुसरा हरवायचा नाही मला."

त्रान्सितोने हे त्याला सांगितलं. निदान तेव्हा तरी लुनाने खरं बोलायचं. पण तो दुसऱ्या घोड्यावर चढला.

खरं बोलला तो किल्ल्याचा पहारेकरी. "तो मीठवाला? त्याला उत्तरेला उसाच्या मळ्यावर धाडला की! साहेबांनीच धाडला, तुमच्याकडे निघायच्या आदल्या दिवशी."

म्हणजे काळीज चावताना याला सगळं ठाऊक होतं! किन्तुवाल फाटकासमोर मटकन खाली बसली. ज्या हातांनी फास ओढला त्या हातांकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग उठली आणि तिथेच तिने चूल मांडली.

सकाळी शिपाई कवायतीला उभे राहिले तशी हाक आली. "नेकुल! ए नेकुल! मांस गार होतंय रे!"

लुनाने ऐकलं न ऐकलं केलं.

"आईवर रुसलास होय? बूट घातलेस का? आधीचे वाळूत घालवलेस ना, बावळटा!"

त्रान्सितो फाटकात उभा राहून शब्दन् शब्द शिपायांना सांगत होता. दुभाषा म्हणून पगार खात होता ना! रांगाच्या रांगा खिदळल्या. तिला हाकललं, ती परत आली. मारलं, तरी परत आली. हाका चालूच: अंगावर पांघरूण घे, तुला खोकला होतो. दारू कमी पी. लवकरच लुनाच्या पाठीमागे सगळे त्याला नेकुल म्हणू लागले, मग त्याच्या कानावर पडेल असंही. त्याने दौडायचा हुकूम दिला की मागून कोणीतरी विचारायचं, "आईला विचारलंत का?"

शेवटी तो बाहेर आला. "काय हवंय तुला, म्हातारे?"

"मुलगा. दोघांपैकी कोण येतोय ते तू ठरव."

"त्या मळ्यावरून कोणी परत येत नाही."

हे तिला सांगताना त्रान्सितो अडखळला. ती लुनाच्या तोंडाकडे बघून आधीच समजली होती.

"मग तू चल," ती म्हणाली. "घोड्या राखायला घरात कोणी नाही." हे बोलताना तिचा आवाज फाटला. लुनाने ऐकलं आणि पाठ फिरवली. शूर माणूस!

त्याने बदली मागून घेतली, पार दक्षिणेला. तिथे त्याला कोणी ओळखत नव्हतं. पहिल्याच सकाळी नवे बूट घालून तो नव्या शिपायांपुढे शब्दाला जागण्यावर भाषण देत होता. तेवढ्यात कुंपणापलीकडे धूर दिसला आणि हाक ऐकू आली, बोट थेट त्याच्याकडे. तेवढं एक वाक्य ती एव्हाना त्यांच्या भाषेत शिकली होती.

"नेकुल, घरी कधी येणार रे?"

रांगेतला एक भाबडा शिपाई पुढे झाला. "साहेब, तुमची आई आलीय," तो म्हणाला. "आत घेऊ का?"