सुरू होते, पण टिकत नाही

"दाब, दाब! सोडू नकोस!"

बॉनेटखाली डोकं घालून सुधाकर ओरडला. ड्रायव्हरच्या सीटवर बसलेल्या लतिकानं किल्ली फिरवली आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिन झोकात सुरू झालं, दोन सेकंद गुरगुरलं आणि मान टाकून गप्प झालं.

"पूर्ण दाबला होतास ना?"

"पार टेकेपर्यंत."

"मग कचरा थ्रॉटलमध्येच. सापडला चोर!" सुधाकरनं फडक्याला हात पुसले. एवढी थंडी असूनही त्याचा चेहरा खुलला होता.

चोर सापडण्याची ही पाचवी खेप. दिवाळीपासून उभ्या गाडीतलं पेट्रोल शिळं झालं असेल म्हणून त्यानं आधी टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरलं. मग फिल्टर बदलला, मग प्लग. बॅटरीही नवी घातली. गाडीचं आपलं एकच, सुरू व्हायचं आणि बंद पडायचं. नोएडातल्या त्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये येणारे-जाणारे थांबून सल्ले देत, पण मेकॅनिक बोलवायचं नाव काढलं की सुधाकरच्या नाकाला मिरच्या झोंबत. फरिदाबादच्या ट्रॅक्टर कारखान्यात तीस वर्षं सर्व्हिस विभागात काढलेला माणूस तो. इंजिनाचा खोकला ऐकून आपण आजार सांगतो, असं त्याचंच म्हणणं होतं, आणि ते खोटं ठरवायची कोणाची प्राज्ञा नव्हती.

घाईही तशीच होती. दर चौदा जानेवारीला तो पानिपतला, मराठ्यांच्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला जायचा. पालमला राहणारे निवृत्त सुभेदार संपतराव आणि त्यांच्या सखुबाई मागच्या सीटवर, लतिका शेजारी, डब्यात तिळाचे लाडू. रणभूमीवर बसनं जायचं नसतं, असा त्याचा दंडक. फेब्रुवारीत गाडीला पंधरा वर्षं भरणार होती, म्हणजे इथल्या नियमानं तिचं रस्त्यावरचं आयुष्य संपणार. ही तिची शेवटची वारी होती. या वयात आपल्याला कोण नवी गाडी घेऊ देणार, हे तो जाणून होता. म्हणजे त्याचीही शेवटचीच.

थ्रॉटल पुसून लख्ख झालं. गाडी पुन्हा बंद पडली.

दुसऱ्या दिवशी भोगी. लतिका भाजीला पावटे आणायला बाहेर पडली तशी सुधाकरनं अभिमान गिळला आणि मार्केटमागच्या रिंकू मेकॅनिकला फोन लावला. रिंकू आला. त्यानं बॉनेट उघडलंदेखील नाही, तिथेच सुधाकरचा अर्धा अपमान झाला. रिंकूनं एकदा किल्ली फिरवली आणि डॅशबोर्डवर लुकलुकणाऱ्या एका पिवळ्या दिव्यावर बोट ठेवलं.

"अंकल, ये बत्ती कब से टिमटिमा रही है?"

"नई बैटरी डाली ना, इसलिए होगा."

"बैटरी का इससे क्या लेना-देना? गाड़ी आपकी चाबी को पहचान ही नहीं रही." रिंकूनं स्क्रू ड्रायव्हरनं किल्लीचं प्लास्टिकचं कव्हर उचकटलं. आत अर्ध्या चिंचोक्याएवढी एक खाच होती, रिकामी. "देखो. चिप ही नहीं है. चिप नहीं तो इंजन दो सेकंड चलेगा, फिर बंद."

"गिर गई होगी."

"बंद कवर में से? निकाली है किसी ने, अंकल."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. पेट्रोल, हवा, ठिणगी, सगळं धुंडाळलं त्यानं. कार्बोरेटरच्या जमान्यातला माणूस, किल्लीचा संशय त्याला कुठून यायचा? दुसरी किल्ली मुलानं, साकेतनं, कॉलेजात असतानाच हरवली होती. उरली ती ही एक. हिचं कव्हर तुटलं म्हणून डिसेंबरात अट्टा मार्केटमधून ते बदलून आणलं होतं लतिकानं. किती छान काम करून आणलंस, असं तो तिला म्हणालाही होता.

रिंकू गेल्यावर सुधाकर गाडीत नुसता बसून राहिला. तीन आठवडे ही बाई आपल्यासाठी गारठ्यात टॉर्च धरून उभी होती. थर्मासमधून आल्याचा चहा आणत होती. दाब म्हटलं की दाबत होती. काल रात्री वाकून वाकून आखडलेल्या पाठीला तिनंच बाम चोळला होता. त्याला एकदम त्या पाठीची लाज वाटली.

तो वर आला तेव्हा लतिका ओट्याशी बाजरीचं पीठ मळत होती. त्यानं उघडी किल्ली तिच्यासमोर ठेवली. तिनं ती पाहिली, हात धुतले, मसाल्याच्या डब्यामागून कागदाची एक पुडी काढली आणि किल्लीशेजारी ठेवली. नाही म्हणण्याचा खटाटोप तिनं केला नाही.

"का?"

"चाबीवाल्यानंच काढून दाखवली. म्हणाला, आंटी, संभालना, इसके बिना गाड़ी चालू होके बंद हो जाएगी. मी म्हटलं, मग बाहेरच राहू दे."

"का, ते विचारतोय मी."

"दिवाळीत गेटचा दांडा मोडला तेव्हा ब्रेक फेल झाले नव्हते." लतिका पिठाकडे बघत म्हणाली. "तुमचा पाय कशावर होता, ते मी शेजारी बसून पाहिलंय. वॉचमन उडी मारून बाजूला झाला म्हणून."

शुगरनं बधिर झालेला उजवा पाय सुधाकरनं नकळत मागे घेतला. ब्रेक गेले, असं त्यानं सोसायटीभर सांगितलं होतं. नवे ब्रेक बसवूनही घेतले होते. निदान लतिकाला तरी ते खरं वाटलंय, अशी त्याची समजूत होती.

"तेव्हाच बोलायचंस."

"ऐकलं असतंत?"

"नसतं ऐकलं! भांडलो असतो. पण तीन आठवडे, लतिका? मी खाली डोकं फोडून घेतोय आणि तू वर बसून पेडल दाबतेस?"

"पहिल्याच दिवशी सांगणार होते. तुम्ही जेवायला वर आलात, हात काळेकुट्ट, आणि शीळ घालत होतात. रिटायर झाल्यापासून शीळ ऐकली नव्हती मी तुमची. मग नाही सांगवलं."

चिप काढली, हे एक वेळ त्यानं पोटात घातलं असतं. जिवाच्या भीतीनं माणूस काहीही करतं. पण ते तीन आठवडे खरोखरच सुखाचे गेले होते. रोज रात्री उद्या काय उघडायचं याचा विचार करत तो झोपायचा, आणि शेजारी पडून तिला ते सगळं माहीत असायचं. रडक्या पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तसं ते सुख दिलं होतं तिनं. आता ते दिवस आठवायचीही सोय राहिली नव्हती.

फोन वाजला. संपतराव होते.

"काय सुधाकरराव, उद्या किती वाजता निघायचं? सखुबाई आत्तापासनं शाल काढून बसलीय!"

चिप समोर होती. बसवायला मिनिटभर लागलं असतं. लतिकाचा भाकरी थापणारा हात थांबला.

"नाही जमत हो," सुधाकर म्हणाला. "थ्रॉटल गेलंय, पार्ट मिळत नाही. यंदा बसनं जाऊ."

संपतराव बराच वेळ हळहळले. फोन ठेवल्यावर लतिकानं डोळ्यांना पदर लावला. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली.

"बरं केलंत. बसा, गरम वाढते."

तो बसला. समोर ताट आलं, भाजी आली, लोण्याचा गोळा आला. त्यानं ताटाला हात लावला नाही.

"रोज सकाळी माझ्या शुगरचा आकडा तूच वाचून सांगतेस. आज एकशे तीस म्हणालीस."

"हो."

"तेवढाच होता?"

लतिका भाकरी उलटायला तव्याकडे वळली. ती तर केव्हाच उलटून झाली होती.