नळी रिकामी होती

बोरगावच्या त्या खळ्यावर सकाळी साडेआठ वाजता एकशे सदतीस माणसे होती. त्यांत बायका त्र्याऐंशी. म्हशी चार, बैल अकरा, एक शेळी, एक लंगडा घोडा आणि एकच कुत्रा, आमचा जमादार. मी दोनदा मोजले. दुसऱ्या खेपेस माणसे एकशे अडतीस भरली, कारण पहिल्या वेळी मी स्वतःला धरले नव्हते.

मधोमध बाजल्यावर नळीमहाराज बसले होते. पोटाला पितळी नळी लावून ते आतला खडा ओढून काढतात, अशी त्यांची कीर्ती निपाणीपर्यंत आली होती. सुरी नाही, रक्त नाही.

महाराज समजावून सांगत होते, "विहिरीत घागर पडली तर विहीर फोडतासा काय? गळ टाकतासा. शरीर म्हंजे विहीर. ही नळी आमचा गळ. डॉक्टर लोक विहीर फोडत्यात."

लोकांनी माना डोलवल्या. मीही डोलवली. साल १९३६, आणि मी वर्षापूर्वीच पुण्याहून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो होतो. शरीर विहीर नसते हे मला ठाऊक होते, पण उपमा चांगली होती.

जमादार नऊ वर्षांचा. निपाणीला आमची तंबाखूची वखार आहे, तिथे तो राखणीला असे. दीड वर्ष त्याला मूतखड्याचा त्रास होता. पाय वर करून थरथरत उभा राही, आणि थेंब थेंब लाल पडे. बेळगावात मारुतीराव म्हणून जनावरांचे डॉक्टर होते, पलटणीतल्या घोड्यांवर आयुष्य घालवलेले. त्यांनी पोट चाचपून सांगितले की खडा पोट फाडूनच निघेल. क्लोरोफॉर्म द्यावा लागेल, आणि याचे काळीज थकलेले आहे. अशी अकरा कुत्री त्यांनी कापली होती, सहा जगली. महिन्याच्या आत आणले तर बघू, पुढे माझ्याकडे येऊ नका, असेही ते म्हणाले.

परत येताना मोटारीत मी सहा भागिले अकरा करून पाहिले. चोपन्न पूर्णांक पंचावन्न टक्के. दोन दशांश स्थळांपर्यंत बरोबर उत्तर काढून मी घरी आलो आणि आत्तीला म्हणालो, "आत्ती, तू म्हणशील तसं."

राजमतीआत्ती माझ्या वडिलांची बहीण. आम्ही जैन. ती दिवस मावळल्यावर अन्न घेत नाही, मुंगी दिसली तर पाऊल उचलून टाकते. तिने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि ती म्हणाली, "मुक्या जिवावर सुरी कशी चालवायची रं?" मला इतके हायसे वाटले की मी तिच्या पाया पडलो. शेजारच्यांना मी सांगे, माझी तयारी आहे हो, पण घरात धर्म आडवा येतो.

म्हणून बोरगाव. गाडीत जमादार, आत्ती आणि अक्काताई. अक्काताई आमच्या वखारीत बावीस वर्षे तंबाखू निवडत होती. जमादारला औषध तीच पाजायची, बाकी कुणाला तो चावत असे.

आमची पाळी आली. शास्त्राची लाज राखण्यासाठी मी पुढे होऊन नळी तपासायला मागितली. महाराजांनी हसत हातात दिली. लांबी साडेनऊ इंच. मी ती उन्हाकडे धरून आरपार पाहिली, आत काडी फिरवली, ठोकली, हुंगली. मग महाराजांच्या बाह्या वर करायला लावल्या, बोटे पसरायला लावली. सारे खळे माझ्याकडे पाहत होते. मी मोठ्याने जाहीर केले, "नळी रिकामी आहे. हातही रिकामे आहेत."

"बीएस्सी सायबानं बघितलं," असे मागपर्यंत पसरत गेले. महाराजांना इतका चांगला साक्षीदार आधी मिळाला नसावा.

मग महाराज खळ्यालगतच्या घरात, देवघरात पाणी प्यायला गेले. बाहेर आले ते मौन धरून. नळी जमादारच्या पोटाला लावली, गाल आत ओढून चोखली, आणि ताटलीत थुंकले. खडा, वाटाण्याएवढा, पांढुरका. अक्काताईने घट्ट धरले होते म्हणून जमादार चावला नाही, हेही लोकांनी चमत्कारात धरले.

त्या रात्री मी मारुतीरावांना पत्र लिहिले की शस्त्रक्रियेची गरज उरली नाही. अक्षर फार सुंदर आले होते.

चार दिवस जमादार जरा बरा वाटला. पाचव्या दिवशी सकाळपासून तो भिंतीशी पाय वर करून उभा राहिला आणि एक थेंबही पडला नाही. तेव्हा कुठे मला घरी आणून ठेवलेल्या त्या खड्यावर लिंबू पिळायचे सुचले. तो सोड्यासारखा फसफसला. मूतखडा लिंबाच्या रसात असा उसळत नाही, चुनखडी उसळते. आमच्याकडे विहीर खणताना टोपल्यांनी निघते ती.

मी अक्काताईला म्हणालो, खडा खोटा आहे हे कळले, पण आला कुठून ते कळत नाही. नळी रिकामी होती, हात रिकामे होते.

"आन् त्वांड?" अक्काताई म्हणाली.

मी हातातला खडा उलटासुलटा करून पाहू लागलो.

"धाकलं मालक, वखारीतनं सुटताना मुकादम आमा बायकांस्नी दारात उभं करून आ करायला लावतोय. गालात चिमूटभर तंबाखू जाती म्हून. बावीस वर्सं रोज आ करत्या मी. तुमच्याच दारात. तुमी कवा बघितलं न्हायसा?"

त्याच दुपारी आत्ती, अक्काताई आणि मी बोरगावला गेलो. महाराज देवघरातून मौन धरून बाहेर येत होते. एका म्हातारीला पोट उघडे करून बसवले होते. अक्काताई बाजल्यासमोर उभी राहिली, आणि मुकादम म्हणतो त्याच आवाजात म्हणाली, "महाराज, आ करा."

महाराजांनी हाताने मौनाची खूण केली.

"बोलू नगासा. निस्तं आ करा."

खळ्यावर वखारीत काम करणाऱ्या बायका पुष्कळ होत्या. त्यांच्यात आधी एक हसली, मग सगळ्याच. महाराजांनी आवंढा गिळायचा प्रयत्न केला, तो अडकला, खोकला आला, आणि उजव्या गालातून दोन व डाव्यातून एक खडा खळ्यावर पडला. मी तिन्हींवर सोबत आणलेले लिंबू पिळले, तिन्ही फसफसले. म्हातारीने पदर सारखा केला आणि विचारले, "मग माझा खडा अजून आतच हाय म्हना की?"

परतीच्या गाडीत मी आत्तीला म्हणालो की आता बेळगावला न्यायला हवे, तुझा धर्म मोडला तरी.

"माझा धर्म कशाला मोडतोय?" आत्ती म्हणाली. "पायात काटा रुतला की सुई लावतोच की आपण. ही जरा मोठी सुई. त्या दिशी तुझं तोंड भीतीनं पांढरं पडलंतं, म्हून मी धर्माचं नाव घेतलं."

वाचकांना माझे एवढेच मागणे आहे. चमत्कार दाखवणारा जे तपासू देतो ते सोडा, जे झाकतो ते तपासा. आणि त्याआधी आपल्याला कशाची भीती वाटते आहे ते स्वतःला विचारा. मी शिकलेला होतो, पण घाबरलेला होतो, आणि घाबरलेला शिकलेला माणूस अडाण्यापेक्षा जास्त कामाचा ठरतो, महाराजांना. माझ्या त्या जाहीर साक्षीनंतर चार दिवसांत किती जणांनी डॉक्टरकडे जायचे टाळले, त्याची मोजणी माझ्याकडे नाही.

मारुतीराव पत्राबद्दल काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बेळगावात सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी त्यांनी क्लोरोफॉर्म दिला. आत्ती जमादारचे डोके धरून णमोकार मंत्र म्हणत होती. शस्त्रक्रिया एक तास वीस मिनिटे चालली. मध्ये एकदा श्वास थांबला, तो मारुतीरावांनी छाती दाबून परत आणला. खडे दोन निघाले, मिळून एकतीस ग्रॅम.

तेरावा दिवस, सकाळी सहा. अंगाची उष्णता एकशे एक पूर्णांक तीन, कुत्र्याला तेवढी असतेच. लघवी स्वच्छ. धार सलग सतरा सेकंद.