सरावाची लस

बेलापूरच्या वेशीपाशी आलो की मी दोनदा हॉर्न वाजवायचो. सायरन नाही, साधा हॉर्न. त्या वर्षी सायरन ऐकला की लोक खिडक्या लावून घ्यायचे. हॉर्न ऐकला की सासऱ्यांच्या गच्चीवर पूजा यायची, माझी बायको, आणि तिच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं गाठोडं असायचं. ते गाठोडं म्हणजे माझी पोरगी. संस्कृती. गणपतीत झाली, आणि संक्रांत तोंडावर आली तरी मी तिला हात लावला नव्हता.

रस्त्यावरून तोंड दिसत नाही. टोपडं दिसतं. लाल असलं तर मी दिवसभर डोक्यात लाल टोपडं घेऊन हिंडायचो, पिवळं असलं तर पिवळं. मागं पेशंट असला तर थांबताही यायचं नाही. पूजा गाठोडं जरा वर उचलायची, मी गिअर टाकायचो. झाली बापलेकीची भेट.

मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात अँब्युलन्स चालवतो, ठेक्यावर. पेशंट नगरला नेणं, मेलेलं माणूस आणणं, आणि बाळंतिणीला बाळासकट घरी सोडणं. म्हणजे दुसऱ्यांची लेकरं मी त्यांच्या दारापर्यंत पोचवत होतो. दारात आजी उभी असायची, भाकरतुकडा ओवाळून टाकायची, पायावर पाणी घालायची आणि बाळ आत जायचं. मी स्टेअरिंगवर बसून बघायचो. मला कुणी पाणी घे म्हणायचं नाही. याच लोकांनी मार्चमध्ये आमच्यासारख्यांसाठी थाळ्या बडवल्या होत्या. पावसाळ्यात आमच्या गिरणीवाल्यानं माझा दळणाचा डबा काठीनं मागं सारला. थाळी वाजवताना तोही पुढं होता, मी बघितलंय.

तरी गिरणीवाल्याला मी सगळा दोष देत नाही. माझ्या आधी या गाडीवर हनुमंत होता. त्यानं आजार घरी नेला. त्याला साधा खोकलासुद्धा आला नाही, त्याची आई मात्र आठवड्यात गेली. हनुमंतानं गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि गेला, परत फिरकला नाही. ती किल्ली मी उचलली, कारण घरात बाळंतपण यायचं होतं आणि आमच्या कोल्हार गावात दुसरं काम नव्हतं.

पोरगी आठव्याच महिन्यात झाली. काचेच्या पेटीत ठेवावी लागली. घरी सोडताना तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, छाती नाजूक आहे, बाहेरच्या माणसाला जवळ येऊ देऊ नका. माझ्यापेक्षा बाहेरचा माणूस कोण होता? दिवसभर मी त्या आजारातच बसलेला. सासरे रंगनाथ, पक्का माणूस, त्यांनी मला अंगणाच्या फाटकाबाहेर उभं करून सांगितलं, "जावईबापू, राग धरू नका. लस घ्या आन् लेक न्या. त्याच्या आदी न्हाई."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो.

इकडं कोल्हारजवळच्या आमच्या वस्तीवर माझी आई एकटी. तिच्यापासूनही मी लांब, घरामागच्या कांदाचाळीत. कांदे विकून चाळ रिकामी पडली होती, तिच्यात खाट टाकली. कांद्याला वारा लागावा म्हणून चाळीच्या भिंती नुसत्या पट्ट्यांच्या असतात, पट्टी आणि फट, पट्टी आणि फट. थंडीत रात्रभर वारं अंगातून जायचं. आई ताट दगडावर ठेवून मागं सरायची, मग मी उचलायचो. "जेवला का रं," असं ती दहा पावलांवरून ओरडून विचारायची, जसा काही मी नदीपल्याड आहे.

दिवाळीपासून लस येणार, लस येणार चाललं होतं. आमच्या सविता सिस्टर रोज एक बातमी आणायच्या.

"पयली आपल्यालाच हाय, गोरखभाऊ. फ्रंटलाइन म्हणत्यात आपल्याला."

"म्हंजे काय?"

"म्हंजे पुढं उभं राह्यचं."

"पुढं तर वरीसभर उभाच हाय. तवा कोन बोलवलं न्हाई."

"तुमी बोलताच लई," सिस्टर म्हणायच्या. "गप सुई घ्यायची. एक घ्यायची, महिन्यानं दुसरी, मग वर थोडे दिवस कड काढायची. का घाई झाली एवढी?"

त्यांना माहीत होतं का घाई झाली ते. सगळ्या दवाखान्याला माहीत होतं.

जानेवारीत निरोप आला, शुक्रवारी सकाळी लसीकरण, सगळ्यांनी हजर राहायचं. मी दाढी केली. लग्नातला निळा शर्ट काढला, बाही वर सरकते का ते बघितलं. आईनं लांबूनच विचारलं, "कुठं निघाला नवरदेव?" मी सांगितलं नाही. खरं झाल्यावर सांगू म्हटलं.

दवाखान्यात रांगोळी काढलेली, फुगे लावलेले. एका खोलीवर 'प्रतीक्षा', दुसरीवर 'लसीकरण', तिसरीवर 'निरीक्षण'. मी शर्टाची बाही आधीच वर करून उभा. डॉक्टर राजेश्वरी मॅडम आल्या, त्यांनी माझ्याकडं बघितलं, बाहीकडं बघितलं.

"गोरख, तुला कुणी सांगितलं नाही का? आज सराव आहे. लस नाही. लस सोडून सगळं आहे."

सगळं होतं खरंच. कॉम्प्युटर, बर्फाच्या पेट्या, पोलीस, पाण्याचे जार. लस नव्हती. आणि लस घ्यायला माणूसही नव्हता, कारण ज्या आशाताईंना बसवायचं होतं त्या सर्व्हेला गेल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, "तू तयार होऊनच आलायस. तू बस."

चिडून निघून जायला पाहिजे होतं मी. बसलो. सिस्टरनं दंडाला स्पिरिटचा बोळा लावला. गार लागलं. मग त्यांनी तिथं नुसतं बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "झालं बगा." जिल्ह्याहून आलेला एक माणूस मोबाईल धरून पुढं आला, "हसा की दादा, सरकारी काम हाय, रडायला काय झालं?" आणि मी हसलो. त्याच्यासाठी नाही. त्या गार जागेमुळं हसू आलं. क्षणभर वाटलं, खरंच झालं.

मग निरीक्षणाच्या खोलीत अर्धा तास बसायचं. लस घेतल्यावर काही त्रास होतो का ते बघतात. लस न घेताही बसवलं, नियम म्हणजे नियम. माझं सगळं वर्ष एकीकडं आणि तो अर्धा तास एकीकडं. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून मी बेलापूरला गेलो. फाटक उघडून आत गेलो. जिना चढलो. टोपडं सोडलं, तिचं जावळ बघितलं, कान बघितले, माझ्यासारखे मोठे आहेत का. वजन किती लागेल हाताला याचा अंदाज येईना. दुसऱ्यांची बाळं मी नुसती आरशात बघितलेली, मागच्या सीटवरची.

"काही होतंय का?" सिस्टरनं दारातून विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो. दंड चोळत होतो. काही टोचलेलंच नव्हतं तिथं.

इथवर सगळं माझ्यापाशी राहिलं असतं. पण गावोगाव ग्रामपंचायतीची इलेक्शनं लागलेली. आमच्या वॉर्डातून वैजनाथ उभा होता. त्याचा धंदा फ्लेक्स छापायचा, त्यामुळं त्याच्या पॅनेलला फ्लेक्स फुकट. तो फोटो कुठून तरी त्याच्या मोबाईलवर आला, आणि दुसऱ्या दिवशी दिवस कलताना मी नगरहून परत येईपर्यंत कोल्हारच्या चौकात मी लटकत होतो. दारापेक्षा मोठा. बाही वर, दात बाहेर. वर लिहिलेलं, 'लस घेणारे आपल्या भागातील पहिले कोरोना योद्धा गोरक्षनाथ यांचे हार्दिक अभिनंदन', खाली सगळं पॅनेल हात जोडून.

मी गाडी थांबवली. वैजनाथ टपरीवर चहा पीत होता.

"वैजनाथ, काढ ते. मला लस दिल्याली न्हाई."

"आज ना उद्या देनारच की."

"सराव हुता तो, येड्या."

"मग आमीबी सरावच करतोय," तो म्हणाला. टपरीवरचे चारपाच जण हसले. "मतदान होऊ दे, काढतो. बारा फुटी फ्लेक्स हाय, वाया घालवू का?"

ज्या टपरीवर मला वर्षभर चहाचा कप मिळाला नव्हता, तिथल्या माणसानं त्या दिवशी मला काचेच्या ग्लासात चहा आणून दिला. मी नाही घेतला. माझ्या डोक्यात वेगळंच होतं. हा फोटो बेलापूरला गेला असला तर?

गेला होता. वस्तीवर पोचलो तर अंगणात सासऱ्यांची जीप उभी. एका सुईनं भागत नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

सगळे अंगणातच होते, आत कुणी नाही. कारण आमच्याकडं रीत आहे. घरातलं पहिलं लेकरू आजोळाहून येतं तेव्हा बापानं त्याला हातात घेऊन पुढल्या दाराचा उंबरा ओलांडायचा. बाप येईपर्यंत लेकरू आत जात नाही. दुपारपासून सगळे माझी वाट बघत बसले होते. आई दारात, हातात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या. नवं लुगडं नेसलेली. सासऱ्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा. पूजा लिंबाखाली खाटेवर, मांडीवर लाल टोपडं.

"सांगितलं न्हाई ते," सासरे हसत म्हणाले. "आमाला फोटोत कळलं. पन दिला शबूद पाळला तुमी. घ्या तुमची अमानत."

पूजा उठली. चालत माझ्यापुढं आली. इतकी जवळ ती कित्येक महिन्यांत आलेली नव्हती. तिच्या अंगाला दुधाचा आणि धुरीचा वास येत होता. तिनं दोन्ही हात पुढं केले.

"अहो, घ्या की. मान धरा फकस्त."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. कान माझ्यासारखेच होते.

कुणाला काही कळलं नसतं. गावात फ्लेक्स लागलेला, मोबाईलवर फोटो, सगळं जग सांगत होतं की मी लस घेतली. त्या अंगणात मी एकटाच होतो ज्याला खरं माहीत होतं. आणि त्या दिवशी सकाळी मी ज्या म्हाताऱ्याला नगरला सोडून आलो होतो, तो गाडीत चढताना माझ्या गळ्यात पडून खोकत होता. हे आठवलं नसतं तर मी पोरगी हातात घेतली असती. लिहून ठेवतो, घेतली असती.

माझे हात वर गेलेले. मी ते मागं घेतले आणि फाटकापर्यंत मागं सरत गेलो.

"लस न्हाई दिली," मी म्हणालो. "नाटक हुतं ते. सराव."

आईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. सासऱ्यांना आधी कळेचना, मग त्यांचा चेहरा तांबडा झाला.

"आन् फोटोत दात काढून हासत हुता ते?"

"हासलो खरं."

"लेकराचा बाप हायेस का तमासगीर? आख्ख्या बेलापुरात पेढे वाटले मी."

मी काय सांगणार. की मामा, बोळा गार लागला म्हणून हसलो? ज्यानं फोटो काढला त्याला विचारा, ज्यानं छापला त्याला विचारा, लस सोडून सगळं आणलं त्यांना विचारा. सासऱ्यांनी जीपचं दार उघडलं. "पूजे, बस."

पूजा जागची हलली नाही. पोरीचं टोपडं नीट केलं तिनं.

"मी न्हाई येत," ती म्हणाली. "हितं आत्याबाईपाशी ऱ्हाते. ते चाळीत ऱ्हातील. अंतर गच्चीएवढंच पडंल, डिझेल तर वाचंल."

"आन् उंबरा गं?" आई म्हणाली. तिचा आवाज रडवेला. "असं कसं लेकरू आत न्यायचं?"

"मागल्या दारानं जाते मी. पुढला उंबरा ठिवा त्यांच्यासाठी."

आणि ती गेली. घराला वळसा घालून, गोठ्याच्या कडेनं, शेणातून पाय चुकवत. भाकरतुकडा न ओवाळता, पाणी न घालता माझी पोरगी मागल्या दारानं घरात शिरली. सासरे जीपला टेकून उभे राहिले, मग पेढ्यांचा पुडा ओट्यावर ठेवून निघून गेले. जाताना फाटकापाशी माझ्याशेजारी गाडी हळू केली. काच खाली केली नाही. पण हळू केली.

मागलं दार कांदाचाळीकडं उघडतं. आता सकाळी ऊन आलं की पूजा तिथं पायरीवर बसते, पोरीला पायावर घेऊन तेल लावते. मी चाळीत. पट्टी आणि फट. एका फटीतून नाक दिसतं, दुसरीतून मूठ. पोरगी इकडं बघत नाही. माझ्याकडं का बघेल? तिच्या लेखी मी कोण? पहिल्या दिवशी मी हाक मारून बघितली, खाकरून बघितलं, ढिम्म. मग मी तोंडानंच हॉर्न वाजवला. दोनदा.

तिनं मान फिरवली. आभाळात, झाडात, रस्त्याच्या बाजूला गाडी शोधत राहिली.

इलेक्शन झालं, वैजनाथ निवडून आला. फ्लेक्स त्यानं काढलेला नाही, मी अजून चौकात हसतोय. लस जिल्ह्याला पोचली म्हणतात. आधी मोठे डॉक्टर, मग सिस्टर, मग बाकीचे. ठेक्यावरचे कधी, विचारलं तर ठेकेदार म्हणतो साहेबांना विचारा आणि साहेब म्हणतात ठेकेदाराला विचारा. मी रोज दोघांनाही विचारतो. निळा शर्ट धुऊन दोरीवर टाकलेला आहे.

आई सकाळी उठून पुढल्या दारात सडा घालते, उंबरा पुसते, कुंकू लावते आणि दार ओढून घेते. ये-जा सगळी मागूनच.