बहिरी आली

सरुबाईंनी ओल्या धुण्याची बादली गच्चीच्या शेवटच्या पायरीवर टेकवली आणि दम खायला भिंतीला हात लावला, तेवढ्यात वरून नातीचा आवाज आला.

“पल्लवी, बहिरी आली! अगं, बहिरी आली!”

सरुबाईंचा हात भिंतीवरच राहिला.

दोन वर्षांपासून त्यांच्या कानांनी दगा दिला होता. समोरच्याचे ओठ हलायचे आणि त्या अंदाजानं हो-नाही करायच्या. पण ही नात, रोशनी, फोनवर बोलायची ती अख्ख्या बरकतपुरा मोहल्ल्याला ऐकू जाईल अशी, आणि नको तेच नेमकं कानात शिरायचं ही त्या कानांची खोडच होती.

“हौ, खरंच! काल संध्याकाळीच आलीय. गेल्या साली बसायची तीच जागा पकडलीय. आता मार्चपर्यंत हलत नाही बघ ती. खाते किती म्हणून सांगू! आणि घाण तर पूछो मत, वॉचमन परेशान आहे. पप्पा म्हणतात, राहू दे, आपलं काय जातं.”

वॉचमनशी कालच, जिन्यात त्यांनी टाकलेल्या पानाच्या पिंकेवरून, सरुबाईंचे दोन शब्द झाले होते. म्हणजे शंकेला जागाच नव्हती.

काल संध्याकाळी त्या नांदेडच्या गाडीनं काचीगुडा स्टेशनला उतरल्या होत्या. अशोक विजयादशमी झाली की दरवर्षी थोरल्याकडे, धम्मानंदकडे यायचं, हॉलमधल्या खिडकीजवळच्या दिवाणावर बस्तान मांडायचं आणि मार्च सरता सरता धाकट्याकडे परत जायचं. यंदा मात्र धाकट्यानं मान खाली घालून सांगितलं होतं, “आई, औंदा तिकडंच राहा. आता दोन खोल्यांत आमचंच मावंना.” ही गोष्ट धम्मानंदच्या कानावर कशी घालायची, याची उजळणी त्या गाडीभर करत आल्या होत्या. रात्री त्यानं ‘प्रवास कसा झाला’ विचारलं, तेव्हा ‘गर्दी होती’ एवढंच तोंडातून निघालं. राहू देतील का आपल्याला, या विचारानं रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

आणि इथं नात त्यांच्या मुक्कामाची मुदत मैत्रिणीला सांगत होती!

बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात आया म्हणून राबलेल्या सरुबाईंनी मोठमोठ्या डॉक्टरांपुढंही जीभ आवरली नव्हती. बादली तिथंच सोडून त्या तरातरा गच्चीत गेल्या.

“काय म्हणूलालीस मला? बहिरी?”

रोशनी दचकली. नुकतीच एका लॅबमध्ये नोकरीला लागलेली पोरगी, गळ्यात दुर्बीण, कानाला फोन. “आजी? काय झालं?”

“ऐकू कमी येतंय मला, येतच न्हाई असं न्हाई. आन् किती गं खाते मी? काल दीड भाकर खाल्ली. ती बी डोळ्यांत आली व्हय?”

‘नंतर करते’ म्हणून रोशनीनं फोन ठेवला आणि कठड्याला धरून हसत सुटली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

“अगं आजी, नाव आहे ते! पक्ष्याचं! बहिरी ससाणा. मला तरी कुठं माहीत होतं, पल्लवीनं सांगितलं मराठी नाव.”

“पाखरू बहिरं असतंय?”

“नाही गं, कान एकदम तेज! नावच तसं आहे. ये इकडं, जल्दी. उडून जाईल.”

दुर्बिणीत आधी नुसता धूर दिसला. रोशनीनं मागून हात घालून कसलंसं चाक फिरवलं, आणि नारायणगुड्याकडच्या उंच इमारतीची टाकी, तिथल्या वॉचमनला परेशान करणाऱ्या घाणीसकट, एकदम समोर आली. टाकीच्या कडेवर ती ताठ बसली होती. पाठ पाटीच्या दगडासारखी करडी, छाती पांढरी, डोळ्यांखाली काळे ओघळ.

“काजळ फिसकटलंय बाईचं,” सरुबाई म्हणाल्या.

“बाईच आहे ती! मादी नरापेक्षा मोठी असते.”

“येती कुठून?”

“हिमालयाच्या पलीकडून. तिकडं बर्फ पडायला लागला की निघते. हजारो मैल, आजी! आणि बरोबर त्याच टाकीवर येऊन बसते.”

“एकटीच?”

“एकटीच.”

तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून कबुतरांचा थवा फडफडत उठला. टाकीवरची जागा रिकामी झाली. सरुबाईंनी दुर्बीण बाजूला केली आणि नुसत्या डोळ्यांनी शोधू लागल्या. ती वर वर चालली होती. इतकी वर, की बघता बघता तिचा ठिपका झाला.

“बघ आता, बघ!” रोशनी पाय आपटत होती.

पंख मिटून ठिपका सुटला. आडातल्या पोहऱ्याची दोरी तुटावी तसा सरळ खाली आला. कबुतरांच्या थव्यात एक धक्का बसला, पांढरी पिसं हवेत उधळली, आणि ती शिकार घेऊन टाकीकडे वळलीसुद्धा.

“घेतलं! घेतलं गं बाईनं!” सरुबाई एवढ्या जोरात ओरडल्या, की खाली वॉचमननं मान वर केली. नातीचं मनगट त्यांनी घट्ट धरलं होतं. वर्षानुवर्षांत झाला नव्हता एवढा आनंद त्यांना झाला होता.

टाकीवर पिसं उपटण्याचं काम सुरू झालं. दोघी आळीपाळीनं बघत राहिल्या.

“मार्चात जाती म्हणलीस,” थोड्या वेळानं सरुबाईंनी विचारलं.

“हौ. गरमी सुरू झाली की.”

“आन् न्हाईच गेली तर?”

“बहिरी जातेच, आजी.” रोशनीनं दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. “पण हिच्याच जातीतली दुसरी एक असते ना, ती जात नाही. बारा महिने इथंच. तिला मग बहिरी नाही म्हणत.”

“मग काय म्हणतेत?”

“शाहीन.”

सरुबाईंनी तो शब्द तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून पाहिला. मग पदर सारखा केला.

“लेकी, एक काम कर माझं,” त्या म्हणाल्या. “तुझ्या पप्पाला सांग, औंदा शाहीन आलीय म्हणून.”

रोशनी हसली. मग तिचं हसू थांबलं, आणि दुर्बीण खाली घेऊन तिनं आजीकडे पाहिलं.